सर्व हक्क सौभाग्यवतींचे

सोलापूर जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८४ साली छापून झाले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेतला हा विसावा खंड. संपादक जेम्स कॅम्बेल. जिल्ह्यातल्या जमिनी, दुष्काळ, बाजार, विणकर, देवळे यांची सविस्तर हकिगत त्यात आहे. पूर्वी हा ग्रंथ पाहायचा म्हटले की तो कोणत्या कचेरीत आहे, कपाटाची किल्ली कोणाकडे आहे आणि तो किल्लीवाला रजेवरून केव्हा परतणार आहे, या तिन्ही गोष्टींचा तपास करावा लागे. आता तो मोबाईलवर दोन मिनिटांत उघडतो, आणि फुकट उघडतो.

आता दुसरे पुस्तक घ्या. तेही सोलापूरचेच. गिरणीत उभा जन्म कारकुनी केलेल्या एका गृहस्थाने लिहिलेल्या आठवणी. पाने दीडशेच्या आत. छापलेले इथेच, १९६० नंतरच्या चारपाच वर्षांत कधीतरी. पहाटेच्या भोंग्याबरोबर गल्लीगल्लीतून निघणारी माणसे, पगाराच्या दिवशी फाटकाशी उभे राहणारे सावकार, आणि नळावर एकाच वाक्यात मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तीन भाषा वापरून भांडणाऱ्या बायका. एवढे जिवंत सोलापूर मी दुसरीकडे वाचलेले नाही. ही प्रत शोधायला मला दीड वर्ष लागले. अखेर ती रद्दीत सापडली. "जुनं पुस्तक किलोवर, नवं किमतीवर. घ्या की सर," रद्दीवाला म्हणाला. मी किलोच्या भावाने घेतले. वजन पुरेना म्हणून त्याने सोबत रेल्वेचे एक जुने वेळापत्रक दिले.

लेखकाचे आणि पुस्तकाचे नाव मी आज सांगत नाही. कारण पुढे येईलच.

म्हणजे मौज अशी की, पणजोबांच्या काळचे पुस्तक आमच्या खिशात आहे आणि वडिलांच्या काळचे हरवले आहे. या सदराचे वाचक जाणतात की मला जुन्या वस्तूंचे वेड नाही. पितळी अडकित्ते आणि कंदील जमवणाऱ्या मंडळींपासून मी चार हात दूर राहतो. पण पुस्तक ही वस्तू नव्हे. अडकित्ता हरवला तर सुपारी दुसऱ्याने कातरता येते.

हा उलटा न्याय कायद्यामुळे झाला आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क राखून ठेवले होते. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. त्यांच्या ग्रंथांवरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार, तेव्हा सरकारने मुदत दहा वर्षांनी वाढवली. बंगालच्या कवीच्या पुण्याईने महाराष्ट्रातल्या लेखकांच्या वारसांनाही दहा वर्षे मिळून गेली. आता हिशेब असा आहे: लेखक ज्या वर्षी वारला त्याच्या पुढल्या १ जानेवारीपासून साठ वर्षे मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून १ जानेवारी २०११ ला त्यांची पुस्तके सर्वांची झाली. तेव्हापासून 'श्यामची आई' किती प्रकाशकांनी काढली, ते मोजण्याचा नाद मी सोडून दिला आहे. कोणत्याही दुकानात स्वस्तात मिळते आणि विकिस्रोतावर फुकट वाचता येते. वि. स. खांडेकर १९४१ साली आमच्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ते १९७६ साली वारले, तेव्हा त्यांचे ग्रंथ २०३७ च्या पहिल्या दिवशी मोकळे होतील. मारुती चितमपल्ली तर आमच्या गावचेच, २००६ च्या सोलापूर संमेलनाचे अध्यक्ष. ते २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांचा हिशेब २०८६ वर जातो.

पण खांडेकरांना किंवा चितमपल्लींना कोणी वाचवायला नको. त्यांची पुस्तके दुकानात मिळतात आणि मिळत राहतील. माझी काळजी १९४१ च्या त्या मांडवात मागच्या रांगांत बसलेल्या मंडळींची आहे. शाळामास्तर, वकील, गिरणीतले कारकून, तालुक्याच्या गावचे वैद्य. यांतल्या कितीतरी जणांनी पुढे एकेक दोनदोन पुस्तके लिहिली, पदरमोड करून छापली, ओळखीच्या लोकांना वाटली, वाचनालयात एक प्रत दिली आणि संपले. ती पुस्तके विकली जाण्याइतकी नवी नाहीत आणि मोकळी होण्याइतकी जुनी नाहीत. आपल्या दिवाळी अंकांचेही तेच. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, त्याचे नाव सारे घेतात. पण साठ वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकांत आलेल्या आणि पुढे कोणत्याच संग्रहात न गेलेल्या कथा कोठे आहेत? संक्रांतीपर्यंत अंक माळ्यावर गेले आणि पुढल्या दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत.

मुळात पुस्तक दुर्मीळ होते कसे, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. खिळ्यांच्या छपाईत शिसे महाग असे. सोळा पानांचा फर्मा छापून झाला की तो सोडवायचा, खिळे पुन्हा आपापल्या खान्यांत टाकायचे आणि त्याच खिळ्यांनी पुढली सोळा पाने जुळवायची. शेवटचे पान छापून होईतो पहिल्या पानाचे एक अक्षरही जागेवर उरत नसे. हजार-अकराशे प्रती संपल्या आणि आणखी शंभर लोकांनी पुस्तक मागितले, तर पुन्हा पहिल्यापासून सारी जुळणी. शंभर गिऱ्हाइकांसाठी तो खर्च कोण करणार? आमच्या चादरीचे बरे असते. जॅकार्डच्या मागावर नक्षी असते ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांत. ते पुठ्ठे जपून ठेवले की आजोबांच्या नक्षीची चादर नातवाने काढावी, एक काढावी नाहीतर हजार काढाव्यात. पुस्तकाला असा पुठ्ठा नव्हता. ई-पुस्तक म्हणजे तो पुठ्ठा अखेर हाती आला, एवढेच मी समजतो. अक्षरे एकदा नीट बसवली की कागद नाही, बांधणी नाही, गोदाम नाही, वाळवी नाही. वर्षाकाठी तीन प्रती गेल्या तरी पुस्तक बाजारात उभे आहे ते आहेच.

मेलेले पुस्तक उठवणे हे सोलापूरला नवे नाही. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या नावाची ग्रंथमाला येथल्या जैन संस्कृति संरक्षक संघाने चालवली. तिचा पहिला ग्रंथ यतिवृषभांचा 'तिलोयपण्णत्ति'. विश्वाची रचना आणि तिचे गणित सांगणारा जुना प्राकृत ग्रंथ. आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्यासारखे संपादक. पहिला भाग निघाला १९४३ साली, म्हणजे युद्धाच्या आणि कागदटंचाईच्या दिवसांत, आणि दुसरा १९५१ साली. बाजारात याला गिऱ्हाईक किती, हा प्रश्न कोणी विचारला असता तर ते काम झालेच नसते. या गावाला शतकानुशतके हस्तलिखितांत राहिलेला ग्रंथ उठवता आला आणि साठ वर्षांपूर्वीचे गिरणीतल्या कारकुनाचे पुस्तक उठवता येत नाही, हे मला पटत नाही.

स्वस्ताईचाही मोठा इतिहास आहे. जर्मनीत १८६७ साली गटेसारख्या जुन्या लेखकांवरचे हक्क एकाएकी संपले, तेव्हा लाइपझिगच्या रेक्लाम नावाच्या प्रकाशकाने 'फाउस्ट'चा पहिला भाग चिल्लर नाण्यांत विकायला काढला. दोन झिल्बरग्रोशन एवढीच किंमत. ती माला आजही चालू आहे. आपल्याकडे दोनच वर्षांनी, १८६९ साली, जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि शुद्ध, देखणी आणि परवडणारी पुस्तके घरोघर पोचवली. स्वस्त पुस्तक गचाळच असले पाहिजे, हा समज त्यांनी तेव्हाच मोडून काढला होता. आज तो पुन्हा रुजला आहे.

कारण आज 'जुने पुस्तक मोबाईलवर' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे येते ते पानांचे फोटो काढून केलेले गाठोडे. राज्य मराठी विकास संस्थेने आणि साहित्य संस्कृती मंडळाने आपापल्या संकेतस्थळांवर शेकडो ग्रंथ असे मोफत ठेवले, त्याबद्दल त्यांना दंडवत. केतकरांचा ज्ञानकोश संगणकावर आला. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही आज शिकागोच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बसून मराठी शब्द सांगतात. पण व्हॉट्सॲपवरून हिंडणाऱ्या प्रती पाहा. पान तिरके, कडेच्या दोन ओळी अंधारात, आणि मधूनच पान धरणाऱ्याचा अंगठा. अशी प्रत म्हणजे पुस्तकाचा फोटो. फोटोतल्या माणसाशी बोलता येत नाही, तसे फोटोतल्या पुस्तकातले अक्षर मोठे करता येत नाही. जुनी पुस्तके हवी असतात कोणाला? बहुतांशी जुन्या माणसांना. त्यांचे डोळेही पुस्तकाइतकेच जुने. खऱ्या ई-पुस्तकात अक्षर हवे तेवढे मोठे होते आणि ओळ आपोआप खाली वळते. डोळे अजिबातच नसतील तर यंत्र ते वाचूनही दाखवते. माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर आता असेच वाचतात. यंत्राच्या उच्चारांबद्दल त्यांच्या ज्या तक्रारी आहेत त्या एरवी ते विद्यार्थ्यांबद्दल करीत.

मात्र फोटोवरून खरे पुस्तक करणे म्हणजे काय, हे केल्याशिवाय कळत नाही. छापील पान पाहून अक्षरे ओळखणारी यंत्रे आहेत आणि ती हुशार आहेत. पण झिजलेल्या खिळ्यांचा ठसा, पिवळा कागद, मागच्या पानाची उमटलेली शाई. यंत्राला भ आणि म, घ आणि ध, थ आणि य यांत फरक दिसत नाही. एका जुन्या कादंबरीच्या नायिकेचे नाव होते भामा. यंत्राने तिचा सर्वत्र मामा केला. चांदण्या रात्री तलावाच्या काठी नायकाने मामाचा हात हाती घेतला, मामा लाजली, हे वाचून आमच्या घरी जी हसाहशी झाली ती थांबेना. पण हसून झाल्यावर तीनशे पाने ओळीओळीने मुळाशी ताडून पाहावी लागली. एक वाचणार, दुसरा मूळ प्रत धरून बसणार. कागदाचा खर्च वाचला म्हणून पुस्तक फुकटात होते असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा रात्री जेवणानंतर हे काम करून पाहावे.

मग येतो अनुस्वारांचा प्रश्न. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम झाले आणि 'नाहीं', 'कांहीं', 'पांच', 'नांव' यांच्या डोक्यावरची टिंबे गेली. त्याआधीचे पुस्तक उठवताना टिंबे ठेवायची की काढायची? यावर आमच्या मंडळींत दोन तट पडले आणि चहा गार झाला. माझे मत असे: अभ्यासकांसाठी मूळ पानांचे फोटो आहेतच. वाचण्याच्या स्वस्त आवृत्तीतली न उच्चारली जाणारी टिंबे काढावीत. मात्र त्यापलीकडे लेखकाच्या एका शब्दालाही हात लावू नये. एका उत्साही तरुणाने 'लुगडे' जाऊन 'साडी' करावे, म्हणजे आजच्या वाचकाला कळेल, असे सुचवले. त्याला मी जी उत्तरे दिली ती या पानावर छापण्यासारखी नाहीत.

आणि आता खरी अडचण. जुने मराठी पुस्तक उघडा. आतल्या पानावर किंमत, मुद्रक, आवृत्ती, आणि त्यांच्या शेजारी बारीक अक्षरांत एक ओळ: सर्व हक्क सौ. अमुक अमुक यांचे स्वाधीन. कितीतरी लेखकांनी असे हक्क बायकोच्या नावावर केलेले आढळतील. कोणी प्रेमाने, कोणी आपल्यामागे तिला चार पैसे मिळावेत म्हणून. बिचारीला बहुधा त्या हक्कांतून शिलाईयंत्राचा हप्ताही सुटला नसेल. पण कायद्याने ते तिचे. साठ वर्षे मोजायची ती मात्र लेखकाच्या मृत्यूपासून. आज ती सौभाग्यवती नाही, तिची मुलेही बहुधा नाहीत, आणि हक्क नातवंडांत वाटला गेला आहे, ज्याची नातवंडांना गंधवार्ता नाही.

वारस मुळीच सापडत नसेल तर कायद्यात सोय आहे, कलम ३१ अ. रीतसर अर्ज करून प्रकाशनाचा परवाना मागता येतो. पण अर्जाआधी आपला विचार देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहीर करायचा. सोलापूरच्या कारकुनाने मराठीत लिहिलेले पुस्तक मराठीत काढायचे, आणि जाहिरात इंग्रजीत! त्या जाहिरातीच्या खर्चात अशी दहा पुस्तके निघावीत. मग न्यायालयाची पायरी आहेच. मला वाटते, हे कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोठा प्रकाशक असावा. चार हौशी माणसे आणि एक जुना संगणक त्याने पाहिला नसावा.

तेव्हा आम्ही माणसेच शोधतो. गिरणीच्या कारकुनांचे घर पूर्वी ज्या पेठेत होते तेथे आता मोबाईलचे दुकान आहे. शेजारच्या किराणावाल्याच्या वडिलांना आठवत होते की मुलगी लग्न होऊन लातूरकडे गेली. लातूरहून पुणे, पुण्याहून एक टेलिफोन नंबर. फोनवर एक मुलगी बोलली, लेखकाची पणती. मी सारे सांगितले. क्षणभर ती गप्प राहिली, मग म्हणाली, "काका, पणजोबांनी पुस्तक लिहिलं होतं? आम्हाला कुणी कधी बोललंच नाही."

घरातल्या माणसांनाच जेथे पत्ता नाही तेथे गावाला काय दोष द्यावा? पुढल्या आठवड्यात तिच्या आजीचा, म्हणजे लेखकाच्या मुलीचा, फोन आला. बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी पुस्तकाविषयी काही विचारले नाही. "आमच्या आईचं नाव आहे का हो त्यात?" एवढेच विचारले. मी आतल्या पानावरची बारीक ओळ वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली.

किमतीबद्दल आमचा वाद अजून संपलेला नाही. फुकट द्यावे, असे म्हणणारे बरेच. ई साहित्य प्रतिष्ठानसारखी मंडळी वर्षानुवर्षे मोफत पुस्तके वाटत आली आहेत आणि त्यांचे काम मोठे आहे. पण ज्या पुस्तकाचे वारस हयात आहेत ते फुकट वाटणे मला प्रशस्त वाटत नाही. चहा-भज्यांच्या एका फेरीला जेवढे पडतात तेवढी किंमत ठेवावी, आणि त्यातला ठरलेला वाटा दर दिवाळीला वारसांकडे जावा, मग तो दीडशे रुपये का असेना. मनीऑर्डरच्या काळात लेखकाला जे वाटत असेल ते पणतीला वाटू द्या. कराचाही एक काटा आहे. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, ई-पुस्तकावर आहे. २०१८ साली, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांचा कर सरकारने १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. म्हणजे आमच्यासारख्यांनी रद्दीतली ती एक प्रतसुद्धा जपून ठेवावी. पुस्तक कधीतरी छापले होते, याचा तेवढाच पुरावा.

सध्या स्थिती अशी आहे. मजकूर बसवून झाला आहे, दोनदा ताडून झाला आहे. नळावरच्या भांडणातले कानडी शब्द एका जाणत्या बाईंकडून तपासून घेतले आहेत. (त्यांनी दोन शब्दांचा अर्थ सांगण्याचे नाकारले, पण शब्द बरोबर असल्याची ग्वाही दिली.) संमतिपत्रावर तिघांच्या सह्या हव्यात. मुलीची आली. एका नातवाची आली. दुसरे नातू बेंगळुरूला असतात. त्यांचे म्हणणे, आजोबांनी काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय सही करणार नाही, आणि वाचायचे ते छापील पुस्तकच, फोनवर वाचण्याची सवय नाही. रास्त आहे. पण प्रत एकच आहे, आणि तिची पाने आता उलटताना तुटतात. म्हणून दिवाळी झाली की ती घेऊन मी स्वतःच गाडीत बसणार आहे. गाडी कोणती, ते पाहायला वेळापत्रक आहेच, पण ते पुस्तकाच्याच वयाचे.